शेगडी क्रमांक चार

मार्च संपत आला की कुमुद हेडाऊ
वही घेऊन येते माझ्याकडे, महालात.
जिन्यात एकदा थांबते, गुडघ्यामुळे,
आणि वहीच्या आधी टेबलावर ठेवते
संत्र्याची बर्फी, पाव किलो, मोजून.
"फी येगळी देतो," म्हणते.

धंदा असा:
मेडिकलच्या मागच्या अंगाला, इमामवाड्याकडून येताना,
टिनाच्या छपराखाली नऊ शेगड्या.
अर्धा तास वीस रुपये.
भांडं पाच, कुकर दहा, मीठ-हळद फुकट.
पेशंट आत, नातेवाईक बाहेर,
नातेवाइकांच्या पिशवीत घरचे तांदूळ,
सिरोंच्याचे, गोंदियाचे, बालाघाटचे,
आणि तांदूळ कच्चे खाता येत नाहीत.
एवढंच तिनं पाहिलं.
बाकीच्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही,
पाहिलं, हळहळले, बस पकडली.

पहिल्या सिलेंडरसाठी तिनं नवऱ्याचा हातमाग विकला,
गोळीबार चौकातला.
तसाही सहा वर्षं तो लुगडं विणत नव्हता,
त्यावर उशा वाळत होत्या.

मी तेव्हा विचारलं होतं,
ट्रस्ट काढायचा का? देणग्या मिळतात, करात सूट मिळते.
"काहून? मी का देवी आहो?
मले पोरीले नर्सिंग शिकवाचं हाय.
मले दात बसवाचे हायेत.
पैसे कमवासाठीच बसलो ना मी तिथं."
मी लिहिलं: प्रोप्रायटर.

लोक बोलले. बोलणारच.
दुःखाच्या दारात दुकान, म्हणाले.
एका गुरुवारी टेम्पो आला खिचडीचा, फलक लावून,
तिच्या नवाही शेगड्या गार.
फोटो झाले. पुढच्या गुरुवारीही आला.
तिसऱ्या गुरुवारी देणगीदाराच्या घरी लग्न होतं.
त्या रात्री साडेदहापर्यंत रांग,
आणि दर तोच, वीस.
मी असतो तर पंचवीस केले असते.
हे मी तिला कधी सांगितलं नाही.

यंदा वही चाळताना एक आकडा अडला.
सत्तावीस मे. दहा रुपये.
कुकर नाही, भांडं नाही, नुसते दहा,
शेगडी क्रमांक चारच्या पुढे.
"हे काय?"
पुडक्याचा दोरा बोटाला गुंडाळत ती बोलू लागली.

नवतपा. वरचा टिन हात लावू देईना.
भामरागडकडचा एक माणूस, मडावी,
बायको तेविसाव्या वॉर्डात.
त्यानं भात चढवला,
आणि आतून त्याचा पोरगा पळत आला,
काही बोलला नाही, नुसता उभा राहिला.
माणूस उठला.
आधी शेगडी बंद केली,
मग खिशातून वीसची नोट काढली.
पंधरा मिनिटं झाली होती.

"नाही घेत म्हणलं असतं
तं नोट तिथंच ठेवून गेला असता तो.
वीस घेतले असते तं मले झोप नसती आली.
सुटे काढले. दहा वापस देल्ले.
त्यानं मोजले."

मोजले, हे ती दोनदा म्हणाली.

कुठल्या खात्यात लिहू हे दहा?
भाडे-उत्पन्न, अर्थात. दुसरं खातं नाही माझ्याकडे,
चाळीस वर्षांत लागलं नव्हतं.

"आणि भात?" मी विचारलं,
माझा विषय नव्हता तरी.
"अर्धा कच्चा होता. लावली परत शेगडी.
पाचवर बालाघाटची बुढी होती,
तिच्याजवळ नुसती दाळ.
तो गॅस माह्या नावावर लिव्हा."
किती?
"ईस मिनिटं. तुमीच करा हिशेब."
तेरा रुपये तेहतीस पैसे.
पैसे सोडले. तेरा लिहिले, घरखर्चात.

निव्वळ नफा दोन लाख अकरा हजार.
आकडा ऐकून ती हसली तेव्हा नवे दात दिसले,
किंचित मोठे बसलेत.
फी पूर्ण दिली,
आणि जिना उतरून गेली ती परत चढून आली,
पावती राहिली म्हणून.